शनिवारचा गोल्फ आणि कार्डावरचा गोल्फ

शनिवारी सकाळी साडेसहाला चौघे मित्र पहिल्या टीवर जमतात. पहिला फटका झाडीत गेला तर दुसरा चेंडू लावायचा, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. रफमध्ये चेंडू खळग्यात बसला असेल तर पायाने जरासा सरकवला तरी कुणाची हरकत नसते. ग्रीनवर चेंडू होलपासून तीन फुटांवर थांबला की समोरचा म्हणतो, "दिला रे," आणि आपण चेंडू उचलून खिशात टाकतो. नंतर चहा, ऑम्लेट, गप्पा. किती झाले असं कुणी विचारलं की उत्तर येतं, चौऱ्याऐंशी.

मित्रांचा खेळ असाच असावा. पण हाच माणूस पंचावन्नावं ओलांडल्यावर ज्येष्ठांच्या विभागीय हौशी स्पर्धेत नाव घालतो आणि पहिल्या दिवशी त्याच्या कार्डावर सत्त्याण्णव लागतात. तो हबकतो. ऐन वेळी खेळ बिघडला असं त्याला वाटतं, रात्री झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर आणखी जोरात फिरवतो. त्याचा खेळ होता तसाच असतो. फक्त त्या दिवशी प्रत्येक फटका मोजला गेलेला असतो.

ज्येष्ठांच्या स्पर्धा मी काही वर्षं खेळतो आहे, आणि पहिल्यांदा येणारे बरेच जण याच एका ठिकाणी अडखळताना पाहिले आहेत. त्यांचा स्विंग चांगला असतो, अंतरही वयाच्या मानाने ठीक असतं. मोजून खेळायची सवय तेवढी नसते. ती लावायला आठ आठवडे पुरतात. म्हणून हा लेख स्पर्धेला दोन महिने उरले आहेत असं धरून लिहितो आहे.

आधी प्रवेशाचं पाहू. आपल्याकडे हौशी गोल्फचा कारभार १९५५ साली स्थापन झालेली इंडियन गोल्फ युनियन पाहते. खुल्या गटाबरोबर ज्येष्ठ आणि मिड-ॲमॅच्युअर गटांच्या स्पर्धाही होतात. शिवाय मोठे क्लब आपापल्या ज्येष्ठांच्या स्पर्धा भरवतात. 'ज्येष्ठ' म्हणजे किती वर्षांचा, याचं उत्तर सगळीकडे एकच नाही. ब्रिटनमधल्या आर अँड ए आणि अमेरिकेतल्या यूएसजीए या दोन्ही नियामक संस्थांच्या ज्येष्ठ हौशी स्पर्धांत पुरुषांसाठी ५५ ही मर्यादा आहे, आणि यूएसजीएच्या ज्येष्ठ महिला स्पर्धेत ५०. आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेचं पत्रक वेगळं असतं, त्यामुळे वय कोणत्या तारखेला पूर्ण हवं ते पत्रकातच पाहा. साठ किंवा पासष्ट पार केलेल्यांसाठी वेगळा गट असेल तर तोही तिथेच कळेल. वयाचा पुरावा, हँडिकॅपचा दाखला आणि आपल्या क्लबच्या सचिवांचं पत्र लागत असेल तर ते, हे सगळं शेवटच्या तारखेआधी आठवडाभर तयार ठेवा. ज्येष्ठ महिलांचा गट असेल तर त्यात नावं कमी येतात, आणि मला याचं वाईट वाटतं. घरात कुणी खेळत असेल तर आपल्या अर्जाबरोबर त्यांचाही अर्ज भरा.

आपलं वय झालं असं वाटून कुणी थांबू नये. अमेरिकेची ज्येष्ठ हौशी स्पर्धा १९५५ पासून भरते. लुईस ओमिग या गोल्फरने ती तीनदा जिंकली आणि तिसऱ्यांदा, १९८५ साली, तो ६९ वर्षांचा होता.

आता हँडिकॅप. विजेतेपद बहुधा ग्रॉसवर, म्हणजे प्रत्यक्ष फटक्यांवर ठरतं, आणि नेटची बक्षिसं वेगळी असतात. आपल्यापैकी बहुतेकांची आशा नेटवरच असते, म्हणून हे गणित नीट समजून घ्या. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत तुमच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांवरून इंडेक्स निघतो. हा इंडेक्स सगळीकडे तोच राहतो, पण प्रत्येक कोर्सवर तुम्हाला मिळणारे फटके बदलतात. इंडेक्सला त्या टीच्या स्लोप रेटिंगने गुणायचं, ११३ ने भागायचं, आणि कोर्स रेटिंगमधून पार वजा करून येणारा आकडा त्यात मिळवायचा. समजा इंडेक्स १२.४ आहे, स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७०.८ आणि पार ७२. गुणाकार-भागाकार करून १३.७ येतात, त्यातून १.२ गेले की १२.५ च्या थोडे वर उरतात, म्हणजे कोर्स हँडिकॅप १३. स्पर्धेत त्यातले किती टक्के धरायचे ते समिती जाहीर करते. वैयक्तिक स्ट्रोक प्लेसाठी ९५ टक्के धरावेत अशी शिफारस आहे.

या पद्धतीचा पाया एकच आहे, खरी कार्डं. शनिवारचे 'दिलेले' पट आणि न मोजलेले फटके ज्या कार्डात दडले आहेत, त्यांवरून निघालेला इंडेक्स तुमच्या खऱ्या खेळापेक्षा कमी असतो. म्हणजे गरज असताना तुम्हाला कमी फटके मिळतात. फुशारकीचं कार्ड स्पर्धेत स्वतःच्याच अंगाशी येतं. म्हणून या दोन महिन्यांत दर आठवड्याला निदान एक फेरी शेवटच्या पटापर्यंत खेळा आणि ती नोंदवा. इंडेक्स एक-दोनने वाढला तर वाढू द्या.

मित्रांना हे आधी सांगावं लागतं. मी माझ्या फोरबॉलमध्ये सांगितलं, "पुढचे आठ शनिवार मला पट देऊ नका." पहिल्या शनिवारी त्यांना ते जड गेलं, कारण खेळ रेंगाळला. तिसऱ्या शनिवारी दोघांनी आपणहून होलपर्यंत पट करायला सुरुवात केली. त्या फेऱ्यांत मला कळलं की तीन फुटांचा पट मी दहापैकी सातदा घालतो. वर्षानुवर्षं मी तो दहापैकी दहा धरत होतो.

पार ७२ च्या कोर्सवर प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरले तर ३६ होतात. पारचा निम्मा हिशेब पटरने करायचा असतो. तरीही रेंजवर गेल्यावर आपण पन्नासातले चाळीस चेंडू ड्रायव्हरने मारतो. साठीनंतर ड्रायव्हरचं अंतर सरावाने फारसं वाढत नाही, कंबर मात्र दुखावते. पटिंग आणि चिपिंग कोणत्याही वयात सुधारतं. त्यासाठी मी एक साधा सराव करतो. होलभोवती तीन फुटांवर आठ चेंडू गोल मांडायचे आणि आठही सलग घालायचे. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सातवा चेंडू घालताना छातीत जी धडधड होते, ती स्पर्धेतल्या धडधडीच्या खूप जवळची असते. त्यानंतर तीस-चाळीस फुटांवरून वीस पट करा, पण ते होलमध्ये घालायच्या नादाला लागू नका. चेंडू तीन फुटांच्या आत थांबला की पुरे, कारण तिथून पुढचं काम तुम्ही नुकतंच घोटलं आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि त्याची पाती एका अंगाला झुकतात. होलकडे पाहताना गवत फिकट, चकचकीत दिसलं तर ते तुमच्यापासून दूर झुकलेलं असतं आणि चेंडू जास्त पळतो. गडद दिसलं तर ते तुमच्या अंगावर झुकलेलं असतं, तिथे पट जरा जोराने करावा लागतो. स्पर्धा पुण्यात आणि हिवाळ्यात असेल तर सकाळच्या पहिल्या तासात ग्रीनवर दव असतं. पट आखूड पडतात. दहा वाजता तेच ग्रीन दुप्पट वेगाचं वाटायला लागतं. सरावाची फेरी दुपारी खेळून सकाळच्या टीवर उभे राहणारे इथे फसतात. जमलं तर सरावाची फेरी तुमच्या टी-ऑफच्या वेळेलाच घ्या. मात्र एक लक्षात ठेवा. स्ट्रोक प्लेच्या दिवशी फेरी सुरू होण्याआधी त्या कोर्सवर सराव करता येत नाही. पहिल्या टीजवळ किंवा सरावाच्या जागेवर पट आणि चिप चालतात. म्हणून सरावाची फेरी आदल्या दिवशीच उरका.

शरीराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ज्येष्ठांच्या स्पर्धेत शेवटचे चार होल पायांवर जातात. अठरा होल चालत खेळायचे म्हणजे आठ ते दहा किलोमीटर होतात, आणि ते दोन किंवा तीन दिवस सलग. शनिवारी एकदा चालणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या चालण्याचा अंदाज नसतो. आठ आठवड्यांपैकी निदान तीन शनिवार-रविवार सलग अठरा-अठरा होल चाला. घरी रोज सकाळी एका पायावर अर्धा मिनिट उभं राहा, मग दुसऱ्या. नंतर खुर्चीवर बसून धड डावीकडे-उजवीकडे हळूहळू वळवा. कंबर आणि नितंब वळायला लागले की खांद्यांवरचा ताण कमी होतो. कोर्सवर गाडीची सोय आहे की नाही ते पत्रकात पाहा. समिती ती बंदही ठेवू शकते, आणि लवळ्याच्या ऑक्सफर्डसारख्या चढउताराच्या कोर्सवर हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर चढ कमी आहे, पण मुंबईचा दमटपणा तीन तासांत माणसाचं पाणी काढून घेतो.

रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर स्पर्धेआधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट विचारा, "साडेचार-पाच तास उन्हात चालणार आहे, गोळ्यांच्या वेळा कशा ठेवू?" रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. मधुमेहाच्या काही औषधांनी आणि इन्सुलिनने फेरीच्या मध्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणं, घाम, चिडचिड ही त्याची लक्षणं असतात, आणि गोल्फर ती पटिंगच्या भीतीवर ढकलतो. पिशवीत केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा. तहान लागायची वाट न पाहता दर दोन होलला चार घोट घ्या. छातीत दुखलं, दम लागला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर तिथेच थांबा आणि मदत मागवा. कार्ड फाटलं तरी चालेल.

पिशवी आदल्या रात्री स्वतः मोजा. चौदाच्या वर एक जरी क्लब निघाला तरी तो आत असताना सुरू झालेल्या प्रत्येक होलला दोन फटके, फेरीत जास्तीत जास्त चार, असा दंड बसतो. मुलाचा किंवा मित्राचा वेज चुकून पिशवीत राहिलेला पाहिला आहे मी. तीन आणि चार नंबरचे लोखंडी क्लब काढून त्यांच्या जागी हायब्रिड ठेवायला वय हे उत्तम कारण आहे. अंतर मोजायचं यंत्र चालतं, स्थानिक नियमाने मनाई नसेल तर, पण चढ-उताराचा हिशेब देणारी सोय बंद ठेवावी लागते. सगळ्या चेंडूंवर तुमची खूण करा. पेनाने दोन ठिपके पुरेत. दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन फटके जातात, आणि एकाच कंपनीचा, एकाच नंबरचा चेंडू दोघांकडे असणं ही रोजची गोष्ट आहे.

कॅडी आपल्या कोर्सवरचा अनुभवी माणूस असतो आणि ग्रीनची ओढ त्याच्याइतकी कुणाला कळत नाही. त्याला आदल्या दिवशीच वेळ सांगून ठेवा. मानधन आधीच ठरवा. खेळताना मात्र दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही फटक्यासाठी उभे राहायला लागलात की त्याने तुमच्या मागे, चेंडूच्या रेषेत उभं राहून दिशा लावून द्यायची नाही. आपल्याकडे ही सवय सर्रास आहे आणि तिला दोन फटक्यांचा दंड आहे. चूक लक्षात आली तर फटका मारण्याआधी मागे सरा, कॅडीला बाजूला करा आणि नव्याने उभे राहा. दुसरं, कोणता क्लब घेऊ, पट किती वळेल, असले सल्ले फक्त आपल्या कॅडीकडूनच घ्या. सोबतच्या खेळाडूला किंवा पुढे उभ्या असलेल्या आगेवाल्याला विचारू नका. खांब किती अंतरावर आहे किंवा नियम काय आहे, असं विचारायला हरकत नाही.

स्पर्धेच्या दिवशी टी-ऑफच्या तासभर आधी पोचा. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके, त्याहून जास्त झाला तर स्पर्धेतून बाद. कॉलरचा शर्ट, मऊ स्पाइकचे बूट, टोपी, सनस्क्रीन. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, म्हणून ते पिशवीतच असू द्या. आधी अंग मोकळं करा, मग दहा-पंधरा छोटे फटके, मग पट. पहिल्या टीवर बहुतेकांचे हात गार पडतात, माझेही पडतात. त्यासाठी ड्रायव्हरच घ्यायला हवा असं कुठे लिहिलेलं नाही. फेअरवेवर हमखास जाणारा हायब्रिड घ्या आणि पहिल्या होलला बोगी मान्य करून सुटा. कार्डातला पहिला आठ हा पुढच्या सतरा होलांवर सावली धरतो.

स्पर्धेत सगळ्यात महाग पडतात त्या शनिवारच्या सवयी, म्हणून एकेक सांगतो. टीवरून चेंडू झाडीत गेला आणि तुम्ही काहीच न बोलता दुसरा मारला, तर तो दुसरा चेंडूच खेळातला होतो. तो तिसरा फटका मोजला जातो आणि पहिला सापडला तरी उपयोग नसतो. म्हणून "मी प्रोव्हिजनल खेळतो आहे" असं मोठ्याने म्हणा, मगच मारा. चेंडू शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची, हे बऱ्याच जुन्या खेळाडूंना अजून ठाऊक नाही. चेंडू पायाने सरकवला आणि तिथून मारला तर दोन फटके. ग्रीनवर सवयीने खूण न करता चेंडू उचलला तर एक फटका, आणि चेंडू परत ठेवावा लागतो. तो परत न ठेवता, होलमध्ये न घालता पुढच्या टीवरून फटका मारलात तर तुम्ही बाद. स्ट्रोक प्लेमध्ये 'दिला' हा शब्दच नसतो.

२०१९ पासून नियम सोपेही झाले आहेत, त्यांचा लाभ घ्या. ग्रीनवर पटरचा धक्का लागून चेंडू चुकून हलला तर दंड नाही, परत ठेवून खेळा. बुटांच्या स्पाइकच्या खुणा दुरुस्त करता येतात. झेंडा होलमध्येच ठेवून पट करता येतो. बंकरमधली पानं, खडे, काड्या उचलता येतात. चेंडू टाकायचा तो गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही. बंकरमध्ये चेंडू पार रुतला तर दोन फटके सोसून बंकरच्या बाहेर मागे जाता येतं. हात-खांद्यात पूर्वीचा जोर नसेल तर हा सौदा चांगला आहे. तीनदा वाळूत मारण्यापेक्षा नक्कीच.

आपल्याकडच्या कोर्सवर कावळा किंवा घार फेअरवेवरून चेंडू उचलून नेते, तेव्हा काय करावं? चौघांपैकी कुणी ते पाहिलं असेल किंवा तसंच झालं याची जवळजवळ खात्री असेल तर दंड नाही. मूळ जागेवर, अंदाजाने ती ठरवून, दुसरा चेंडू ठेवायचा. नुसती शंका असेल तर मात्र तो हरवलेला चेंडू.

एवढं करूनही एखादा प्रसंग असा येतो की काय करावं ते कुणालाच सुचत नाही. जवळ रेफरी नसतो, मागचा गट वाट पाहत असतो. यासाठी स्ट्रोक प्लेमध्ये एक सुंदर वाट ठेवली आहे आणि ती फार कमी जण वापरतात. तुम्ही दोन चेंडू खेळू शकता. पुढचा फटका मारण्याआधी आपल्या मार्करला सांगा की मी दोन चेंडू खेळणार आहे, आणि नियम मान्य करत असेल तर अमुक चेंडू धरावा. मग दोन्हींनी होल पूर्ण करा, दोन्ही आकडे लिहून ठेवा आणि कार्ड देण्याआधी समितीला सगळी हकिकत सांगा. दोन्ही चेंडूंचे फटके सारखेच झाले तरी सांगायचं. न सांगता कार्ड दिलं तर बाद. मी एकदा पाइपच्या खड्ड्याशेजारी ही वाट वापरली आणि समितीने माझ्या निवडीचाच चेंडू धरला. त्या होलवर दहा मिनिटं वाद घालत बसलो असतो तर पुढच्या तीन होलांवर माझं लक्ष राहिलं नसतं.

वाद आणि रेंगाळणं या दोन गोष्टींनी ज्येष्ठांच्या फेऱ्या साडेपाच तासांवर जातात. फटक्याची पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत मारा, अशी नियमांतच शिफारस आहे. पण मला पाळीच्या आधीचा वेळ महत्त्वाचा वाटतो. दुसरा खेळत असताना आपलं अंतर मोजा, क्लब ठरवा, पटची रेषा पाहा. धोका नसेल तर जो तयार आहे त्याने आधी मारायला हरकत नाही. पिशवी ग्रीनच्या त्या बाजूला ठेवा जिकडून पुढच्या टीकडे जायचं आहे. आकडे ग्रीनवर लिहीत उभे राहू नका, ते पुढच्या टीवर गेल्यावर लिहा.

हे आकडे लिहिणं म्हणजेच स्पर्धा. तुमचं कार्ड दुसऱ्याच्या हातात असतं आणि तुम्ही त्याचं लिहीत असता. प्रत्येक होल संपल्यावर एकमेकांना आकडा मोठ्याने सांगा: "मला सहा, तुम्हाला पाच, बरोबर?" नऊ होलांनंतर दोन मिनिटं काढून तपासा. विसराळूपणा आता सगळ्यांनाच थोडाफार असतो, त्यात कमीपणा मानू नका. स्वतःचे आकडे कार्डाच्या कडेच्या रकान्यात लिहून ठेवा.

अठरावा होल संपला की हस्तांदोलन करा आणि सरळ कार्डाच्या टेबलावर जा. चहा नंतर. कार्डावरचा प्रत्येक होलचा आकडा बोट ठेवून पडताळा. खरा आकडा सहा असताना पाच लिहून कार्ड दिलं तर तुम्ही बाद, सात लिहून दिलं तर सातच धरले जातात. एखाद्या दंडाचा नियमच ठाऊक नसल्यामुळे तो फटका लिहायचा राहिला असेल तर बाद न करता तो नंतर मिळवला जातो. बेरीज करणं आणि हँडिकॅप वजा करणं हे समितीचं काम, २०२३ पासून हँडिकॅप लिहिण्याची जबाबदारीही खेळाडूवर नाही. तुम्ही फक्त होलवार आकड्यांना आणि सहीला बांधलेले असता. सही तुमची आणि मार्करची, दोघांची. ती राहिली आहे का, हे टेबलावरून उठण्याआधी पाहा.

बक्षिसाबाबत एक गोष्ट. २०२२ च्या हौशी दर्जाच्या नियमांनुसार ग्रॉस स्पर्धेत ७०० पौंड किंवा १,००० डॉलर यांच्या बरोबरीच्या रकमेपर्यंतचं बक्षीस घेता येतं, रोख असलं तरी. हँडिकॅपवर, म्हणजे नेटवर मिळालेलं रोख बक्षीस मात्र हौशी खेळाडूला चालत नाही. कुणी प्रायोजक उत्साहाने नेटच्या विजेत्याला पाकीट देत असेल तर ते नम्रपणे परत करा आणि समितीला सांगा.

ऑक्टोबरातल्या स्पर्धांत दुपारी ढग भरून येतात. एक लांबलचक भोंगा झाला तर खेळ त्या क्षणी थांबवायचा, अर्धवट पटसुद्धा करायचा नाही, आणि झाडाखाली न थांबता आसऱ्याला जायचं. तीन भोंगे झाले तर चालू होल पूर्ण करता येतो. दोन छोटे भोंगे म्हणजे खेळ पुन्हा सुरू. विजेच्या बाबतीत मी कुणाशी तडजोड करत नाही. कडकडाट ऐकू आला की भोंग्याची वाटही पाहू नका. विजेचा धोका आहे असं वाटलं तर खेळाडूला स्वतःहून थांबता येतं, फक्त समितीला लगेच कळवायचं.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ जपा. मित्र भेटतात, जेवणावळ लांबते, दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. कोमट पाण्याने अंघोळ करा, पोटऱ्या आणि मांड्या ताणून घ्या, हलकं जेवा, दहाला झोपा. आजचं कार्ड घेऊन बसा, पण दहाच मिनिटं. तीन पट कुठे झाले आणि दंडाचे फटके कुठे गेले, एवढंच पाहा. माझ्या कार्डांवर तरी दहापैकी आठ फटके याच दोन ठिकाणी गेलेले असतात, आणि दोन्ही ठिकाणी उद्या सुधारता येतं. स्विंग रात्रीतून बदलायचा प्रयत्न करू नका.

क्लबमधून निघण्याआधी दुसऱ्या दिवसाचा तक्ता पाहून घ्या. गट पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून नव्याने पडतात, वेळ बदलते, कधी खेळ दहाव्या टीवरून सुरू करावा लागतो. तो तक्ता फोनवर टिपून घ्या आणि कॅडी फाटकाबाहेर पडण्याआधी त्यालाही नवी वेळ सांगा.